गणपतराव देशमुख : एका मतदारसंघाचा जमाखर्च

गणपतराव देशमुखांचे नाव निघाले की पहिली गोष्ट एस.टी.ची निघते. आमदार असून ते लाल गाडीने प्रवास करीत, राहणी साधी, बोलणे मोजके. ही गोष्ट खरी आहे आणि आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आरंभीच ती सांगून बाजूस ठेवितो. साधेपणा हा गुण खराच, पण साधी माणसे या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक निवडणुकीत पडतात. साधेपणावर मते मिळती तर आमच्या युनियनचे निम्मे कार्यकर्ते एव्हाना विधानसभेत जाऊन बसले असते. तेव्हा सांगोल्याने एकाच माणसाला अकरा वेळा का निवडून दिले, याचा उलगडा दुसरीकडे शोधला पाहिजे.

आम्ही इतिहासकार नव्हे. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. सोलापूरकडे सूतगिरणी, यंत्रमाग आणि विडी या धंद्यांतील कामगारांत तीस वर्षे संघटनेचे काम केले. त्यामुळे निवडणुकीचा निकाल हाती आला की आमची नजर विजयी उमेदवाराच्या हारांकडे जात नाही, आकड्यांकडे जाते. आणि आकड्यांतही कोण कधी जिंकला यापेक्षा कोण कधी पडला, हे आम्ही आधी पाहतो. युनियनमध्ये हीच सवय लागते. संप यशस्वी झाला त्या वर्षी संघटना किती मजबूत आहे हे कळत नाही. फसला त्या वर्षी कळते.

तर हिशेब असा आहे. गणपतराव १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले. १९६७ साली पुन्हा आले. १९७२ साली पडले. १९७४ साली पोटनिवडणूक लागली, तीत निवडून आले. मग १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग चार विजय. १९९५ साली पडले. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ साली पुन्हा विजयी झाले. २०१९ साली त्यांनी निवडणूक लढविली नाही. तेव्हा त्यांचे वय त्र्याण्णव होते. तेरा वेळा उभे राहिले, अकरा वेळा जिंकले, दोनदा हरले. मतदारसंघ एकच आणि पक्षही एकच, शेतकरी कामगार पक्ष. १९६२ ते २०१९ ही सत्तावन्न वर्षे होतात. त्यांतून बाहेर बसलेला काळ वजा केला तर सभागृहातली एकावन्नच्या आसपास उरतात.

याला कोणी जागतिक विक्रम म्हणतात, कोणी देशातला विक्रम म्हणतात. आपल्या माणसाचे कौतुक करताना शेजाऱ्याची वही तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते. केरळात के. एम. मणी हे पालै मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. त्याच राज्यात ओमन चंडी पुदुप्पळ्ळीतून बारा वेळा आले. तामिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, मात्र मतदारसंघ बदलून. तेव्हा अकरा हा आकडा देशात पहिला नाही. त्याने गणपतरावांचे काही कमी होत नाही. उलट, केरळ किंवा मद्रासकडील ही माणसे सत्तेवर येणाऱ्या पक्षांची किंवा आघाड्यांची होती, आणि सांगोल्याचा माणूस अशा पक्षाचा होता की ज्याच्या हाती या राज्याची सत्ता स्वबळावर कधीच आली नाही. खरी नवलाची गोष्ट ती आहे.

शेतकरी कामगार पक्षाचा जन्म १९४७-४८ मधला. काँग्रेसमध्ये शेतकऱ्याला स्थान नाही म्हणून शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदी मंडळी बाहेर पडली. १९५० साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाची भूमिका घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा पक्ष गावोगाव पोचला. पण याच सुमारास गळतीही लागली होती. जेधे परत गेले, मोरे परत गेले, १९६० साली यशवंतराव मोहितेही काँग्रेसमध्ये गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापची वजाबाकी होत होती. अशा वेळी १९६२ ची निवडणूक आली. नव्या महाराष्ट्राची ती पहिलीच निवडणूक. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. शेकापला पंधरा मिळाल्या. त्या पंधरांत सांगोल्याचा पस्तीस वर्षांचा एक वकील होता, आणि तोही जन्माने त्या तालुक्यातला नव्हे. १९२६ साली मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे जन्मलेला. जो तो मावळतीकडून उगवतीकडे जात असताना हा तरुण उलट्या दिशेने चालला होता.

आता सांगोला तालुका कसा आहे ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळावयाचे नाही. माण नदी या तालुक्यातून वाहते असे नकाशात दिसते. वर्षातले बरेच महिने ती नकाशातच वाहते. पश्चिमेकडचा पाऊस सह्याद्रीवर रिता होतो आणि येथे पोचेपर्यंत ढग कोरडे झालेले असतात. साल चांगले असले तर पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. म्हणून येथे ज्वारी, बाजरी, मेंढरे आणि खिलार जनावरे. आणि दुष्काळात माणसे ऊसतोडीला नाहीतर मुंबईला. अशा ठिकाणी आमदाराकडे लोक काय मागतात? रस्ता नंतर, शाळा नंतर. आधी काम आणि पाणी. गणपतरावांची सारी कारकीर्द आमच्या मते या दोन शब्दांत मावते.

प्रथम कामाचे पाहू. मार्च १९७२ मध्ये निवडणूक झाली. बांगला देशाच्या युद्धातील विजयाची हवा होती. काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या, शेकाप एकोणीसवरून सातवर आला, आणि सांगोल्यात गणपतराव पडले. त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला नाही, पण आमच्या घरात तो पुष्कळ वर्षे राहिला होता. आमची आई खडी फोडावयास जात असे. सुकडीची चव ती मरेपर्यंत विसरली नाही, आणि पुढे घरात बरे दिवस आल्यावरही ताटात टाकलेले अन्न तिला पाहवत नसे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ आले. कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती आणि काँग्रेसचे. तिचा आरंभी प्रयोग त्यांच्या तासगाव भागात झाला होता. पण योजना आणि कायदा यांत अंतर असते. योजना सरकारच्या मर्जीवर चालते, कायद्याने हक्क मिळतो. तो कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

येथे शहरातल्या श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या पगारपत्रकावर व्यवसाय कर म्हणून एक लहानशी कपात दिसते. कामगार आम्हांला नेहमी विचारतात, साहेब, हा कसला कर? हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि तो रोजगार हमीसाठी आला. म्हणजे सोलापुरातल्या मागावरचा किंवा मुंबईतल्या कचेरीतला माणूस सांगोल्याच्या बांधबंदिस्तीवरील बाईची मजुरी भागवीत होता, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पक्षाच्या नावात शेतकरी आणि कामगार हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. ते प्रत्यक्षात कोठे एकत्र आले असतील तर या कपातीत आले, असे आम्ही कामगारांना सांगतो. काही जण हसतात. काही जणांची कुरकुर तेवढ्यापुरती थांबते.

१९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने गणपतरावांना परत बोलाविले. ज्या दोन वर्षांत तालुका खडी फोडत होता त्या दोन वर्षांत हा माणूस आमदार नव्हता, तरी तालुक्यात होता. पडल्यावर तो मुंबईला वकिली करावयास गेला नाही. आमच्या मते त्यांच्या पुढल्या विजयांचा पाया या पराभवात घातला गेला. १९७७ साली ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले आणि ते पुन्हा विरोधी बाकांवर आले. १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा मंत्री झाले. २००२ साली शेकापने सरकारची साथ सोडली तेव्हा तेही बाहेर आले. मंत्रिपदाचा काळ सगळा मिळून पाच वर्षांच्या आतच भरतो. बाकीची सारी कारकीर्द नुसत्या आमदाराची.

नुसता आमदार म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्या माणसाला नसते. सभागृहात बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्येवर वाटली जाते. तीन-चार माणसांच्या पक्षाला वाट्याला मिनिटे येतात. मग अशा सभासदाजवळ हत्यारे कोणती उरतात? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. ही हत्यारे कोणालाही मिळतात, पण ती चालवायची तर अर्थसंकल्पाची पुस्तके वाचावी लागतात, विधेयकाचा खंड न खंड पाहावा लागतो, आणि सकाळी वेळेवर जाऊन बसावे लागते. मोठ्या पक्षाच्या सभासदाला हात वर केला की काम झाले. लहान पक्षाच्या सभासदाला वाचल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या धंद्यातही असेच आहे. ज्या युनियनमागे पाच हजार माणसे असतात तिच्या पुढाऱ्याला कायदा पाठ नसला तरी चालते. पन्नास माणसांच्या युनियनच्या पुढाऱ्याला कलम आणि पोटकलम सांगता आले पाहिजे. गणपतरावांचा सभागृहात जो मान होता, सर्व पक्षांचे लोक त्यांना आबासाहेब म्हणून उठून वाट देत, तो या वाचण्याचा आणि बसण्याचा मान होता.

आता पाण्याकडे वळू. कृष्णेच्या पाण्याचा निवाडा बच्छावत लवादाने १९७० नंतरच्या दशकात दिला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल, असेही त्यात होते. म्हणजे तोवर जो आपले पाणी अडवील आणि वापरील त्याची बाजू भक्कम. पण पाणी सह्याद्रीच्या पायथ्याला आणि तहान माणदेशात, दोहोंच्या मध्ये चढ. पाणी वर चढवावयाचे तर वीज हवी, पैसा हवा, आणि त्याहून अधिक म्हणजे कोणी तरी सतत टोचणारा हवा. १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर ही तिघे तिच्या मागे होती, आणि तेरा दुष्काळी तालुके तिच्यात होते. पुढे वर्षानुवर्षे या परिषदा भरत राहिल्या. त्यांतल्या एकीला आम्ही गेलो होतो, मागे बाभळीच्या सावलीत बसून ऐकले. माणसे फडक्यात भाकरी बांधून आली होती. आम्हांला ठाऊक असलेल्या सभांत लोक भाषण संपण्याची वाट पाहतात; तेथे म्हातारी माणसे टप्पा, पंपगृह, टीएमसी हे शब्द शेजारच्याला समजावून सांगत होती. ज्याला अक्षर येत नाही त्याला घनफूट समजले होते! मागणीही नुसती पाणी द्या एवढीच नव्हती; पाणी समन्यायाने वाटा, ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त असे नको, अशी होती. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, टेंभूसारख्या उपसा योजना सुरू झाल्या, रखडल्या, पुन्हा सुरू झाल्या. सांगोल्याला पाणी पोचण्यास पुढे किती काळ गेला हे तेथील माणसाला विचारावे.

तोवर तालुका डाळिंबावर उभा राहिला. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. लहान शेतकऱ्याला आपल्याच रानात खड्डे घेण्याची मजुरी मिळू लागली. डाळिंबाला पाणी कमी लागते. अजनाळ्यासारख्या गावांतून बंगले उभे राहिले. पुढे तेल्या रोग आला आणि बागा काढाव्या लागल्या, ती हकिकत निराळी. गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी काढली, बायकांची वेगळी गिरणी अहिल्यादेवींच्या नावाने निघाली. या राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या डबघाईला आल्या. सांगोल्याची गिरणी त्यांच्या हयातीत चालू राहिली. सहकारी गिरण्यांविषयी आमचे एक जुने भांडण आहे: सभासद शेतकरी मालक ठरतो, मग कामगार कोण? या प्रश्नाला शेकापनेही कधी पुरते उत्तर दिले नाही. असो, तो विषय या व्याख्यानाचा नव्हे.

आणि मग १९९५. पाणी परिषदेला दोन वर्षे झालेली, सलग पाच विजय पाठीशी, आणि गणपतराव १९२ मतांनी पडले. शहाजीबापू पाटील हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. आम्ही तेव्हा विशीत होतो आणि यंत्रमाग कामगारांची पहिली सभासद नोंदणी करीत होतो. सांगोल्याकडचा एक विणकर होता, त्याने निकाल ऐकून माग बंद केला आणि बोटांवर मोजू लागला. आम्ही विचारले, काय मोजतोस? तो म्हणाला, आमच्या भावकीतली कोण कोण मतदानाला गेली नाहीत ते मोजतोय. एकशे ब्याण्णव हा आकडा असा आहे की तो प्रत्येकाला आपल्या घरापर्यंत आणून पोचवितो. पंचवीस हजारांनी माणूस पडला तर दोष हवेचा. एकशे ब्याण्णवांनी पडला तर दोष आपला.

पुष्कळ लोक सांगोल्याचे गणित जातीने सोडवितात. तालुक्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्या समाजातले, संपला हिशेब. जातीचे वजन नाकारण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु हे कारण पुरे असते तर १९७२ साली आणि १९९५ साली तो समाज काय परगावी गेला होता? आणि उरलेल्या अकरा वेळा एकट्या समाजाच्या मतांवर कोणी निवडून येते काय? जात हे भांडवल होते असे फार तर म्हणता येईल. धंदा कामाने आणि पाण्याने चालविला. १९९९ साली ते पुन्हा आले त्याला काँग्रेसचे दोन पक्ष झाल्याचाही हातभार लागला असेल, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण २०१४ साली, देशात वारे दुसरेच वाहत असताना, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या गृहस्थाला सुमारे पंचवीस हजारांचे मताधिक्य मिळाले. पडलेले उमेदवार तेच शहाजीबापू.

येथवर सर्व चांगले आहे. आता वहीची दुसरी बाजू पाहू, कारण ती न पाहता उठणे आम्हांला जमत नाही. शेकापच्या जागा अशा : १९६२ साली पंधरा, १९६७ साली एकोणीस, १९७२ साली सात, १९७८ साली तेरा, १९८० साली नऊ, १९८५ साली पुन्हा तेरा, १९९० साली आठ, १९९५ साली सहा, १९९९ साली पाच, २००४ साली दोन, २००९ साली चार, २०१४ साली तीन, २०१९ साली एक. माणूस अढळ राहिला आणि पक्ष त्याच्या भोवतीने वितळत गेला. एका तालुक्यात अर्धे शतक जे चालले ते शेजारच्या तालुक्यात का चालले नाही? माण नदी सांगोल्याच्या वर आटपाडीतही कोरडीच आहे. रोजगार हमी सर्व राज्याला मिळाली, पाण्याची मागणी तेरा तालुक्यांनी केली. मते मात्र सांगोल्याच्या शिवेवर थांबली. लोकांचा विश्वास माणसावर बसला, तो पक्षाच्या खात्यावर जमा झाला नाही. याचा दोष आम्ही गणपतरावांवर एकट्यांवर ठेवीत नाही. पण त्यांच्या बाजूला तितक्याच उंचीची दुसरी दहा माणसे उभी राहिली नाहीत, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केली पाहिजे.

हे आम्ही परक्यासारखे बोलत नाही. आमच्या युनियनचे संस्थापक वारले त्या वर्षी आम्ही वर्गणीची पावतीपुस्तके कारखान्या-कारखान्यांतून पाठविली, आणि निम्म्याहून अधिक कोरी परत आली. कामगार दुष्ट नव्हते. अण्णा गेले, आता कोणाला द्यायची, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. आम्ही वीस वर्षे त्यांना सांगत आलो होतो की युनियन तुमची आहे. त्यांनी ते ऐकून घेतले होते, मानले नव्हते. त्या रात्री कोरी पुस्तके मोजीत बसलो असता आम्हांला प्रथम कळले की आमच्या वीस वर्षांच्या कामात काय राहून गेले होते.

२०१९ साली गणपतराव थांबले आणि शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत यांना उभे केले. ते ७६८ मतांनी पडले. शहाजीबापू या वेळी शिवसेनेकडून निवडून आले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले, दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोर असता पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले, आणि राज्यभरात शेकापची तेवढी एक जागा आली. सांगोल्याची.

त्या निकालानंतर थोड्याच दिवसांनी एका कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीच्या कामासाठी आम्ही सांगोल्यास गेलो होतो. एस.टी. स्टँडसमोर चहा घेत असता टपरीवाल्याला विचारले, काय मामा, कोण आले निवडून? तो म्हणाला, आबांचा नातू. आम्ही म्हटले, ते कळले हो, पण पक्ष कोणता? तो कपबशी विसळता विसळता थांबला, जरा विचार केला, आणि म्हणाला, "पक्ष? आबांचाच की."